इमारत धोकादायक ठरली, पण जायचं कुठे? रहिवाशांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी पावसाळा तोंडावर आला की म्हाडा (राज्याचं गृहनिर्माण प्राधिकरण) आणि महापालिका अतिधोकादायक इमारतींच्या याद्या जाहीर करतात. मग जून ते सप्टेंबरच्या दरम्यान मुंबईत, ठाण्यात, भिवंडीत, वसई-विरारमध्ये कुठेतरी एखादी इमारत बसते. ती कधी यादीतली असते, कधी यादीत नसलेली. दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच वाक्य ऐकू येतं, 'रहिवाशांना नोटीस दिली होती.' नोटीस आणि सुरक्षा यांच्यामध्ये नेमकं काय अडतं, ते इथे प्रश्नोत्तरांच्या रूपात मांडलं आहे. चाळींच्या आणि सोसायट्यांच्या बैठकांत भाडेकरू, पागडीवाले (सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन कमी भाड्यावर राहणारे), सोसायटीचे सभासद हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात.

इमारत धोकादायक आहे हे ठरवतं कोण?

ते तुमची इमारत कुठे आहे यावर ठरतं, आणि पहिली गुंतागुंत इथेच सुरू होते. मुंबईत महापालिका अधिनियम १८८८ च्या कलम ३५४ खाली आयुक्त मालकाला किंवा भोगवटादाराला नोटीस देऊ शकतात की इमारत पाडा, दुरुस्त करा किंवा टेकू लावून सुरक्षित करा. ठाणे, पुणे, भिवंडी, वसई-विरार अशा शहरांत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ चं कलम २६४ लागतं आणि घर रिकामं करून घेण्यासाठी कलम २६८. नगरपालिकांचा कायदा आणखी वेगळा, तो १९६५ चा. मुंबई शहरात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, इमारत उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर लागू असलेली जुनी इमारत, तपशील पुढे) असेल तर महापालिकेच्या जोडीला म्हाडाचं दुरुस्ती मंडळही येतं. सरकारी जमिनीवरच्या बांधकामात जिल्हाधिकारी येतात. रेल्वे किंवा बंदर प्राधिकरणाची जागा असेल तर थेट केंद्र सरकार.

नोटीस हातात पडली की सगळ्यात आधी ती कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली आहे ते वाचा. पुढचं सगळं त्यावर अवलंबून असतं.

सी-१, सी-२अ, सी-२ब, सी-३ म्हणजे काय?

सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी संरचनात्मक दुरुस्ती करायची. सी-२ब म्हणजे माणसं आत असतानाही दुरुस्ती होऊ शकते. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सी-१ कशी ठरवायची याची मार्गदर्शक तत्त्वं मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये घालून दिली. नुसतं बघून 'पडायला आलीय' म्हणता येत नाही. हातोडा चाचणी, अल्ट्रासॉनिक चाचणी, काँक्रीटचा गाभा काढून केलेली चाचणी अशा तपासण्या लागतात.

उपकरप्राप्त इमारत म्हणजे नेमकं काय? आमच्या पावतीवर 'सेस' लिहिलेलं असतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईतली भाडी गोठवली गेली आणि १९४७ च्या भाडे कायद्याने ती १९४० च्या पातळीच्या आसपास बांधून ठेवली. भाडेकरूला संरक्षण मिळालं आणि ते गरजेचंही होतं. पण मालकाला महिन्याला मिळणाऱ्या भाड्यात वर्षाचा रंगही होईना, तेव्हा त्याने दुरुस्ती सोडून दिली. इमारती पडू लागल्या. १९६९ मध्ये सरकारने कायदा करून दुरुस्ती मंडळ काढलं आणि त्यासाठी इमारतींवर उपकर बसवला. तेव्हा अशा १९,६४२ इमारती होत्या. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या 'अ' वर्गात, तिथून १९५० च्या अखेरीपर्यंतच्या 'ब' वर्गात आणि ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या 'क' वर्गात. पुढे हे मंडळ म्हाडात गेलं.

म्हणजे दुरुस्तीची जबाबदारी मालकाकडून अर्धवट सरकारकडे आली, पण मालकी मालकाकडेच राहिली. मंडळ दुरुस्ती करतं तेही चौरस मीटरमागे ठरलेल्या खर्चमर्यादेत. त्याहून जास्त खर्च येणार असेल तर इमारत 'दुरुस्तीपलीकडची' ठरते आणि पुनर्विकासाच्या रांगेत उभी राहते.

उपनगरांतल्या आणि मुंबईबाहेरच्या भाडेकरूंना हा आधारही नाही. पुण्याच्या पेठांतला वाडा असो की डोंबिवलीतली चाळ, तिथे मालक, भाडेकरू आणि महापालिका एवढेच तिघं.

मालक दुरुस्ती करत नसेल तर भाडेकरूने करून भाड्यातून वजा करावी, असं कायदा म्हणतो ना?

म्हणतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १४ प्रमाणे इमारत राहण्याजोगी ठेवणं मालकाचं कर्तव्य आहे. त्याने केलं नाही तर १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू दुरुस्ती करू शकतो आणि खर्च वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. आता हिशोब करा. महिना २०० रुपये भाडं असेल तर वर्षाचे २,४०० आणि त्याचा चौथा हिस्सा ६०० रुपये. सहाशे रुपयांत एका कॉलमचं जॅकेटिंग (भोवती नवं मजबूत आवरण चढवणं) सोडा, मचाणही बांधून होत नाही. कलम कागदावर जिवंत आहे, पण तुटलेल्या जिन्यासमोर उभं राहून त्याचा उपयोग शून्य.

नोटीस येऊनही लोक घर का सोडत नाहीत? जिवापेक्षा घर मोठं आहे का?

हा प्रश्न बाहेरून विचारला जातो तेव्हा त्यात थोडा राग असतो. मला तो राग अन्यायाचा वाटतो, म्हणून याचं उत्तर सविस्तर देते.

एखाद्या सी-१ इमारतीच्या जिन्यात उभं राहून बघा. भिंतीला चिकटवलेली नोटीस तळमजल्यावर असते. वर गेलं की प्रत्येक मजल्यावर लाकडी टेकू, त्यांच्या फटीत अडकवलेल्या छत्र्या आणि पोरांच्या सायकली. सज्जाचे पोपडे पडलेले, सळया उघड्या आणि गंजून फुगलेल्या. हे तिथल्या बाईला दिसत नाही असं नाही. ती रोज त्या सज्जाखालून पाणी भरते. तिला विचारलं तर ती उलट विचारते, 'सही केली आणि बाहेर पडले, तर परत येईन याची लेखी हमी कोण देतंय?'

या प्रश्नाला आपल्या व्यवस्थेत सरळ उत्तर नाही. गोरेगावच्या सिद्धार्थ नगर पत्राचाळीतल्या ६७२ कुटुंबांचं उदाहरण सगळ्या मुंबईला माहीत आहे. २००८ मध्ये पुनर्विकासाचा करार झाला, लोक घरं सोडून गेले, भाडं थकलं, काम रखडलं, आणि घराच्या किल्ल्या मिळायला दीड दशकाहून जास्त काळ गेला. काही माणसं तोवर गेली. संक्रमण शिबिरांत, म्हणजे तात्पुरत्या घरांत, तर एकाच पत्त्यावर दुसरी पिढी लग्नाला आलेली सापडते. आपल्या जागी इमारत उभीच राहू शकत नाही अशांसाठी म्हाडाची बृहतसूची आहे, पण त्या सूचीत नाव लागून घर मिळेपर्यंत किती वर्षं जातील हे कुणी सांगू शकत नाही.

त्यात माणसाचं काम, मुलांची शाळा, म्हाताऱ्यांचं हॉस्पिटल त्याच गल्लीच्या आसपास असतं. गिरगावातल्या माणसाला शहराच्या दुसऱ्या टोकाची जागा दाखवली की तो मान हलवतो आणि घरी परत येतो. २०२५ च्या पावसाळ्याआधी म्हाडाने अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींच्या यादीत ९६ इमारती घेतल्या आणि स्वतः जागा शोधणाऱ्या भाडेकरूंना दरमहा २० हजार रुपये भाडं देण्याचं ठरवलं. ही दिशा बरोबर आहे. जवळपास राहता आलं तर माणूस निघतो. पण ही सोय उपकरप्राप्त इमारतींपुरतीच.

महापालिका आम्हाला पर्यायी जागा द्यायला बांधील नाही का?

सर्वसाधारणपणे नाही. या सगळ्या विषयाची खरी गाठ मला इथेच दिसते. इमारत रिकामी करायला लावण्याचा अधिकार कायद्याने महापालिकेला दिला. पाणी, वीज, गॅस तोडण्याचा दिला, पोलिसांची मदत घेण्याचा दिला. त्या रात्री ती माणसं कुठे झोपतील, हे मात्र कोणत्याही एका कार्यालयाचं काम म्हणून लिहून ठेवलेलं नाही. खाजगी इमारतीत ती जबाबदारी मालकावर ढकललेली असते, आणि मालक बहुतेक वेळा एकतर परदेशी, नाहीतर वारसांच्या भांडणात, नाहीतर इमारत पडण्याची वाट बघत बसलेला. उपकरप्राप्त इमारतीत म्हाडा संक्रमण शिबिर देते, गाळा उपलब्ध असेल तर.

म्हणून वॉर्ड ऑफिसातला अधिकारी नोटीस लावतो, फोटो काढतो, पंचनाम्याची प्रत फाइलला लावतो. त्याच्या बाजूने काम पूर्ण झालेलं असतं. उद्या काही झालं तर त्याच्याकडे कागद आहे. त्या कागदाने तो वाचतो, इमारतीतला माणूस वाचत नाही. मी एका अधिकाऱ्याला सरळच विचारलं की दोनशे माणसं बाहेर काढली तर ठेवणार कुठे. तो म्हणाला, 'मॅडम, पालिकेची शाळा दोन दिवस मिळेल. तिसऱ्या दिवशी शाळा भरते.' त्याला दोष देऊन काही उपयोग नाही, त्याच्या हातात दुसरं काही ठेवलेलंच नव्हतं.

इमारत पाडली की भाडेकरूचा हक्क संपतो, असं मालक म्हणतात. खरं आहे का?

नाही. ही भीती मुद्दाम पसरवली जाते, म्हणून नीट समजून घ्या. मिरजेतल्या एका इमारतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट सांगितलं की महापालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरार संपत नाही. भाडेकरूचा हक्क विटांवर नसतो, जमीन शिल्लक असते आणि तिच्यावर तो टिकतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तर पाडण्याआधी प्रत्येक भोगवटादाराचं नाव आणि त्याच्या ताब्यातलं चटई क्षेत्र यांची यादी करणं महापालिकेवर बंधनकारक केलं आहे.

पण हक्क असणं आणि तो सिद्ध करता येणं यात अंतर आहे. पागडीच्या कित्येक घरांत पावती आजोबांच्या नावावर, वीजबिल काकांच्या नावावर आणि राहणारा नातू. इमारत उभी असेपर्यंत शेजारीपाजारी साक्षीला असतात. ती पडली की सगळे पांगतात आणि नावं सिद्ध करणं वर्षानुवर्षं चालतं. मोजणी होताना घरात हजर राहा, क्षेत्रफळ स्वतः लिहून घ्या आणि यादीची सही-शिक्क्याची प्रत मागा. प्रत दिल्याशिवाय अधिकाऱ्याला जिना उतरू देऊ नका, असं मी बैठकांत सांगते आणि ते अक्षरशः सांगते.

आमच्या ऑडिटरने (इमारतीची मजबुती तपासणाऱ्या अभियंत्याने) सी-२ सांगितलं, मालकाच्या ऑडिटरने सी-१. कुणाचं खरं?

अशा वेळी प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं आणि तिचा निर्णय धरला जातो. निदान नियम तरी तसा आहे. अडचण अशी की ऑडिटर ज्याने नेमला, पैसे ज्याने दिले, त्याच्या सोयीचा अहवाल येण्याची शक्यता दोन्हीकडून असते. मालकाला पुनर्विकास हवा असेल तर चांगली इमारतही सी-१ होते. उलट रहिवाशांना बाहेर पडायचं नसेल तर पडायला आलेली इमारत सी-२ होते.

दुसऱ्या प्रकाराची किंमत कुर्ल्याच्या नाईक नगरने मोजली. महापालिकेने ती इमारत पाडण्याजोगी ठरवली होती. मग रहिवाशांनी नेमलेल्या ऑडिटरने ती दुरुस्त होऊ शकते असा अहवाल दिला आणि वर्ग बदलला. २७ जून २०२२ च्या रात्री इमारत कोसळली, १९ जण गेले. त्यातले बरेच बाहेरून कामाला आलेले, भाड्याने राहणारे मजूर होते. ऑडिट, नोटीस, सी-१ यातलं त्यांना कुणी काही सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

ऑडिटर सरकारने पॅनेलमधून चिठ्ठी काढून नेमावा आणि फी महापालिकेने देऊन नंतर मालमत्ता करातून वसूल करावी, असं माझं ठाम मत आहे. ज्याच्या अहवालावर जीव अवलंबून आहे त्याचं पाकीट रहिवाशाच्या किंवा मालकाच्या हातात असू नये.

इमारत पडल्यावर म्हाडा महापालिकेकडे बोट दाखवते आणि महापालिका म्हाडाकडे. असं का होतं?

कारण कायद्यांनी एका इमारतीचे तुकडे करून ठेवलेत. १६ जुलै २०१९ ला डोंगरीत केसरभाई इमारतीचा भाग पडला, डझनाहून जास्त माणसं मेली. ढिगारा उपसला जात असतानाच वाद सुरू झाला. म्हाडाचं म्हणणं, पडलेला भाग उपकरप्राप्त नव्हता, मागे केलेलं अनधिकृत बांधकाम होतं. इकडे महापालिकेची २०१७ ची सी-१ ची नोटीस बाहेर आली. म्हणजे धोका दोन वर्षं लेखी नोंदलेला होता आणि तरीही तो कुणाचा हे ठरलेलं नव्हतं.

९ जून २०२१ ला मालवणीत घर पडून १२ जण गेले, त्यात आठ मुलं होती. तिथली जमीन जिल्हाधिकाऱ्यांची, बांधकामावर नजर ठेवायची महापालिकेने. पुन्हा तोच घोळ.

मालक स्वतः महापालिका असली तरी फार फरक पडत नाही. २७ सप्टेंबर २०१३ ला माझगावला डॉकयार्ड रोडजवळ बाबू गेनू मंडईची इमारत पडली तेव्हा ६१ माणसं दगावली. इमारत महापालिकेची, राहणारे महापालिकेचेच कर्मचारी आणि त्यांची कुटुंबं. तिथे नोटीस द्यायला दुसरा कुणी मालक नव्हता.

सगळे ७९-अ, ७९-अ म्हणतात. नेमकं कोणतं?

दोन आहेत आणि लोकांची फार गल्लत होते. सहकारी संस्था कायदा १९६० च्या कलम ७९-अ खाली सरकारने काढलेले निर्देश, सध्या ४ जुलै २०१९ चे, हे नोंदणीकृत सोसायटीच्या पुनर्विकासासाठी आहेत. सभा कशी घ्यायची, विकासक कसा निवडायचा वगैरे. तुमची सोसायटी असेल तर हेच बघा.

म्हाडा कायद्यातलं ७९-अ वेगळं. ते उपकरप्राप्त धोकादायक इमारतींसाठी आहे. विधिमंडळाने ही दुरुस्ती २०२० मध्ये केली, राष्ट्रपतींची संमती यायला २०२२ ची अखेर उजाडली. मधल्या काळात किती पावसाळे गेले ते मोजा. कल्पना चांगली आहे. इमारत धोकादायक जाहीर झाली की मालकाला सहा महिने मिळतात. त्याने ५१ टक्के भाडेकरूंच्या संमतीसह प्रस्ताव दिला नाही तर भाडेकरूंच्या नियोजित सोसायटीला सहा महिने. तेही जमलं नाही तर म्हाडा जागा संपादित करून स्वतः बांधणार. रखडलेले प्रकल्प ताब्यात घेण्यासाठी ९१-अ आहे.

म्हाडाने नऊशेहून अधिक नोटिसा काढल्या. मालक न्यायालयात गेले आणि जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या थांबवल्या. मुख्य आक्षेप असा की इमारत धोकादायक आहे हे योग्य तपासणीअंती, सक्षम अधिकाऱ्याने ठरवायला हवं. ते न करता नोटीस काढली तर पुढचं सगळं पोकळ ठरतं. मालकांची बाजू चुकीची म्हणून सोडून देता येणार नाही, कारण 'धोकादायक' हा शिक्का संपत्ती काढून घेण्याचं हत्यार होऊ शकतो. पण घाईत काढलेल्या नोटिसांची शिक्षा शेवटी टेकूंखाली झोपणाऱ्यांना झाली. पहिल्या दिवशी ऑडिट नीट केलं असतं तर हा वेळ वाचला असता.

न्यायालयात गेलं तर लवकर सुटेल का?

तातडीची स्थगिती, मोजणीची यादी, तोडलेलं पाणी अशा गोष्टींत उच्च न्यायालय दिवसांत आदेश देतं. मूळ प्रश्न मात्र पिढ्या खातो. भाडेकरूंच्या सोसायटीसाठी उपकरप्राप्त इमारत संपादित करण्याची तरतूद, म्हाडा कायद्याचं प्रकरण ८-अ, १९८६ मध्ये आली. मालमत्ताधारकांचं आव्हान उच्च न्यायालयाने १९९१ मध्ये फेटाळलं. १९९२ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेलं, तीन न्यायमूर्ती, मग पाच, मग सात आणि शेवटी नऊ न्यायमूर्तींपुढे पोचलं. ५ नोव्हेंबर २०२४ ला निकाल आला की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही राज्यघटनेच्या कलम ३९(ब) मधली 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' ठरत नाही. घटनेच्या दृष्टीने हा मोठा निकाल आहे. पण ज्या इमारतींवरून वाद सुरू झाला त्यांचं काय, हा भाग त्या निकालानंतरही उरलाच.

तीस वर्षांनंतर ऑडिट सक्तीचं आहे. मग आमची इमारत बारा वर्षांची, आम्हाला काळजी नाही ना?

आहे. मुंबईत कलम ३५३-ब आणि इतर महानगरपालिकांत २६५-अ प्रमाणे तीस वर्षं पूर्ण झालेल्या इमारतीला नोंदणीकृत अभियंत्याचं संरचनात्मक स्थिरता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. पण या नियमात असं गृहीत धरलं आहे की इमारत बांधताना तरी चांगली होती. महाडची तारिक गार्डन २४ ऑगस्ट २०२० ला पडली तेव्हा दहा वर्षांचीही नव्हती, १६ जण गेले. ४ एप्रिल २०१३ ला मुंब्र्याजवळ शिळफाट्याची जी इमारत पडून ७४ माणसं गेली, ती तर अजून बांधली जात होती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये विरारमध्ये अनधिकृत इमारत पडून १७ जण दगावले, तीही जुनी नव्हती.

इमारत अनधिकृत असेल तर तिला भोगवटा प्रमाणपत्र नाही, म्हणून तिची नोंद नीट नाही, म्हणून तिच्या ऑडिटचा कुणी पाठपुरावा करत नाही. मात्र घरपट्टी घेतली जाते, वीज मिळते, दस्तही होतात. वसुलीसाठी ती इमारत आहे आणि सुरक्षेसाठी नाही.

वय कितीही असो, तळमजल्यावरच्या दुकानात किंवा दवाखान्यात भिंती-कॉलम फोडले जात असतील तर लगेच लेखी तक्रार करा. घाटकोपरची साई दर्शन इमारत २५ जुलै २०१७ ला कोसळून १७ जण गेले, तिथे तळमजल्यावर अशीच फोडाफोड सुरू होती.

अधिकाऱ्यांवर कारवाई होत नाही का?

निलंबन होतं, अटकही होते. शिळफाट्याच्या प्रकरणात महापालिकेचे अधिकारीही आरोपी झाले. पण सरकारी नोकरावर कर्तव्याशी संबंधित कृत्यासाठी खटला चालवायला सरकारची पूर्वपरवानगी लागते आणि वर्षानुवर्षं फाइल तिथेच बसायची. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ मध्ये १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असं धरण्याची सोय आली आहे. हा बदल चांगला आहे.

नगरसेवक काही करू शकतो का?

करू शकतो. वॉर्ड ऑफिसात रोज उभं राहणारा माणूस तोच असतो. पण मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि इतर मागासवर्गीय आरक्षण, प्रभागरचना यांवरच्या खटल्यांत निवडणुका अडकल्या. जवळपास चार वर्षं प्रशासकांनी कारभार केला. त्या काळात कोणती यादी का बदलली, हे सभागृहात उठून विचारणारं कुणी नव्हतं.

मग नवा कायदा हवा का?

मला वाटतं, आहे तोच एक कायदा वापरायला हवा. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये आपत्तीच्या व्याख्येत मानवी कारणं आणि हलगर्जीपणा दोन्ही आहेत. जिल्हा प्राधिकरणाला प्रतिबंधक उपाय करण्याचे अधिकार आहेत. बचावकार्यासाठी जागा आणि वाहनं ताब्यात घेण्याची तरतूद कलम ६५ मध्ये आहे. आपण हे सगळं ढिगारा पडल्यावर वापरतो. प्रत्येक सी-१ इमारतीमागे पाडण्याच्या नोटिसीसोबतच राहण्याचा पत्ता, त्याची मुदत आणि जबाबदार अधिकाऱ्याचं पद लिहिलेलं असलं पाहिजे. तो पत्ता नसेल तर नोटीस अपूर्ण धरावी. महापालिका म्हणतील पैसा नाही. मृतांच्या वारसांना प्रत्येकी चार-पाच लाख द्यायला पैसा निघतोच की.

आमच्याकडे नोटीस आली आहे. आज काय करू?

नोटिसीची प्रत आणि ती कोणत्या तारखेला लावली त्याचा फोटो घ्या. भाडेपावत्या, वीजबिलं, रेशनकार्ड, मतदार यादीतली नावं, पागडीचा करार यांचे फोटो काढून घराबाहेरच्या दोन माणसांकडे पाठवून ठेवा. ऑडिट अहवालाची प्रत मागा. दिली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा आणि त्यात ही माहिती जीविताशी संबंधित आहे असं स्पष्ट लिहा. अशा माहितीसाठी कलम ७(१) प्रमाणे ४८ तासांची मुदत आहे, तीस दिवसांची नाही. ऑडिट पटत नसेल तर तांत्रिक सल्लागार समितीकडे जाण्याची मागणी लेखी करा. एकेकट्याने नको, सगळ्या खोल्यांच्या सह्या घेऊन जा. विकासक येऊन एकेकाला गाठत असेल तर कुणीही सही करू नका. आधी कायम पर्यायी घराचा करार नोंदणीकृत व्हावा, भाड्याची बँक हमी यावी, मग सही.

आणि हे सगळं बाहेर राहून करा. हक्क घर सोडल्याने जात नाही, हे वर सांगितलंच आहे. म्हातारी माणसं आणि मुलं तरी पावसाळ्याआधी नातेवाइकांकडे हलवा.

कोणती लक्षणं दिसली की कागद बाजूला ठेवून निघायचं?

कालपर्यंत नीट लागणारं दार किंवा खिडकी अचानक अडकायला लागली. कॉलम किंवा बीममधली भेग एका दिवसात रुंद झाली. तळमजल्यावरच्या कॉलमचं काँक्रीट फुगून बाहेर आलं, माती किंवा वाळू सतत झरू लागली. टेकू वाकला. भिंतीतून, स्लॅबमधून तडतड आवाज आले. यातलं काहीही दिसलं की वस्तू गोळा करत बसू नका, सगळ्या मजल्यांवर हाक मारा, जिना वापरा, लिफ्ट नको. बाहेर पडल्यावर इमारतीला लागून उभे राहू नका, तिच्या उंचीइतकं तरी लांब जा. मुंबईत १९१६ वर आणि राज्यात कुठेही ११२ किंवा १०१ वर फोन करा. खोलीत भाड्याने राहणारे मजूर, तळमजल्यावर झोपणारे दुकानातले कामगार आणि पोटमाळ्यावरची माणसं यांना कुणी उठवायचं, हे आजच ठरवून ठेवा.